कोटाच्या खिशातली पुडी

काही माणसं प्रसंगाने घाबरतात आणि काही जन्मतःच घाबरलेली असतात. ताई दुसऱ्या जातीच्या. घराबाहेर पडताना गॅस बंद आहे ना हे त्या बघायच्या, जिना उतरून परत वर जाऊन बघायच्या, आणि बसस्टॉपवर पोचल्यावर नवऱ्याला फोन करून त्यालाही बघायला लावायच्या. दारावरची घंटा अवेळी वाजली की त्यांच्या मनात पहिला प्रश्न यायचा, कोण गेलं? नवऱ्याने आयुष्यभर बस चालवलेली. तो म्हणायचा, "हिच्या गाडीला देवाने चारी चाकांना ब्रेक दिलेत, इंजिन द्यायचं तेवढं राहून गेलं." ताई यावर हसायच्या नाहीत. ब्रेक नसलेल्या गाड्यांचं काय होतं ते रोज पेपरात येतंच.

अशा बाईने दुकान काढावं, आणि तेही लोकांच्या जुन्या कपड्यांचं, याचं सगळ्यांना नवल वाटलं. सगळ्यांत जास्त त्यांचं त्यांनाच.

त्याचं असं झालं. ताई डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या टेबलावर बसायच्या. पेशंटची नावं पुकारायची, डोळ्यांत थेंब घालून बसवायचं, फोन घ्यायचे, हे काम. आईबाप पोराला घेऊन यायचे, तपासणी व्हायची, चष्म्याचा नंबर घेऊन जायचे, आणि पुढच्या वर्षी तेच पोर तसंच डोळे बारीक करत पुन्हा समोर उभं असायचं. चष्मा झालेलाच नसायचा. एकदा एका बाईने टेबलावर वाकून अगदी हळू विचारलं, "ताई, यंदा एकाच डोळ्याची काच बसवून घेतली तर चालेल का? दुसरी पुढच्या वर्षी बसवू." त्या दिवशी ताईंना घास गिळवला नाही.

नोकरी संपल्यावर त्यांनी मनावर घेतलं, की मुलांच्या चष्म्यांपुरते पैसे उभे करायचे. देणगी मागायला म्हणून त्या एका बंगल्यापर्यंत गेल्या, फाटकापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या आणि घंटा न वाजवता परत आल्या. मागायची भीती वाटते म्हणून मग विकायचं ठरवलं. लोकांच्या कपाटांत पडून असलेले चांगले कपडे घ्यायचे, धुऊन, इस्त्री करून माफक किमतीत विकायचे, आणि आलेला पैसा सगळा चष्म्यांना. रीतसर संस्था नोंदवली. गल्लीच्या टोकाला एका सुताराचा बंद पडलेला कारखाना होता, त्याची लांबट खोली भाड्याने घेतली. पहिले काही महिने कपड्यांतून लाकडाचा भुसा निघायचा.

जोडीला काकू होत्या. काकूंचा उभा जन्म दुसऱ्यांच्या कपड्यांना इस्त्री करण्यात गेलेला. हात सोन्यासारखा, तोंड मात्र फटकळ. दुकान उघडल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी ताईंचं नाव ठेवलं, धास्तीताई. ठेवणार नाहीतर काय करणार? आलेल्या प्रत्येक गाठोड्याला ताई आधी हात लावायला भ्यायच्या आणि मग हातातून सोडायला भ्यायच्या. ढेकूण असतील. कसर लागलेली असेल. चोरीचा माल असेल. मेलेल्या माणसाचे कपडे असतील आणि घेणाऱ्याला ते कळेल. प्रत्येक शिवण उलटी करून त्यावरून गरम इस्त्री फिरवल्याशिवाय एकही कपडा हँगरला लागायचा नाही. खिसे तर त्या स्वतः तपासायच्या, दुसऱ्या कुणाला करू द्यायच्या नाहीत. खिशांतून किल्ल्या निघाल्या, लग्नाचे फोटो निघाले, एकदा एका आजोबांची खालची कवळी निघाली. आजोबा ती न्यायला आले तेव्हा हसताना तोंडावर हात धरून आले होते.

भित्र्या माणसाला एक गोष्ट चांगली कळते, ती म्हणजे दुसऱ्याची भीती. जुना कपडा घ्यायला आलेली बाई आत शिरण्याआधी गल्लीच्या दोन्ही टोकांना का बघते, हे ताईंना कुणी सांगावं लागलं नाही. म्हणून त्यांनी दाराला पूर्ण पडदा लावला, कपडे घालून बघायला आरशाची खोली केली, आणि काकूंना बजावून सांगितलं की गिऱ्हाइकाला नाव विचारायचं नाही, कुठे राहता विचारायचं नाही, आणि रस्त्यात भेटलं तर ओळखही दाखवायची नाही.

"मग काय तोंड फिरवून जायचं? लोक मला शिष्ट म्हणतील," काकू म्हणाल्या.

"म्हणू दे. त्यांची लाज झाकली जाते ना?"

पुष्कळ बायका मोठ्या दुकानाची पिशवी घरून घेऊन यायच्या आणि जुना कपडा तीत घालून न्यायच्या. घरी सांगायचं, नवा आणला. ज्यांच्याकडे पिशवी नसेल त्यांच्यासाठी ताईंनी तशा पिशव्यांचा एक गठ्ठाच गल्ल्याखाली ठेवला होता. इस्त्री करून.

आणि मुलांच्या कोटांची एक खास रीत होती. एकदा एका लहान मुलीला तिच्या आईने कोट चढवला, तर पोरीने आरशात बघायच्या आधी खिशात हात घातला. खिसा अर्थातच रिकामा. तिचा चेहरा पडला. तेव्हापासून मुलांचा प्रत्येक कोट हँगरला लावताना त्या खिशात खाऊची एक पुडी ठेवायच्या. गल्ल्यामागच्या काचेच्या बरणीत साखरेच्या रंगीत गोळ्या असायच्या. मूठभर गोळ्या, चौकोनी कागद, दोन्ही टोकांना पीळ. कोट जुना असला तरी खिशातलं काहीतरी नवं असावं, एवढाच त्यातला हेतू.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी दुपार व्हायच्या सुमाराला एक म्हातारी दुकानात आली. पांढरे कापलेले केस, हातात काठी, नजर तरतरीत. कपड्यांसोबत लोक डबे-भांडीही देऊन जायचे, त्यांची एक फळी होती. ती थेट त्या फळीकडे गेली आणि फुलांच्या चित्राचा एक गोल पत्र्याचा डबा उचलून तिने कानाशी हलवला. आवाज आला नाही. मग ती काठी टेकत गल्ल्यापाशी आली आणि आजूबाजूला बघून कुजबुजली, "हा डबा माझा आहे. सुनेने घर आवरताना न उघडताच तुमच्याकडे देऊन टाकला. डबा ठेवा तुम्ही. आतलं तेवढं परत द्या."

"आत काय होतं, आजी?"

"माझ्या रक्तवाढीच्या गोळ्या. लाल." म्हातारीने आवाज आणखी खाली आणला. "मला त्या सोसत नाहीत. सूनबाई देते तेव्हा गालात धरायची, तिची पाठ वळली की डब्यात. आता डॉक्टर म्हणतो रक्त का वाढत नाही, आणि सूनबाईला संशय आलाय. त्या तिच्या हाती लागायच्या आत मला नळाखाली धरून विरघळवून टाकायच्यात."

ताईंना आधी हसू आलं. गालात गोळी धरून बसलेली म्हातारी त्यांच्या डोळ्यांपुढे आली. हसतच त्यांनी मागे वळून हाक मारली, "काकू, त्या फुलांच्या डब्यात काय होतं हो?"

"गोळ्या होत्या," काकू इस्त्रीवरची मान वर न करता म्हणाल्या. "चांगल्या होत्या, टाकायच्या कशाला? ओतल्या बरणीत."

ताईंनी बरणीकडे पाहिलं. पिवळ्या, हिरव्या, गुलाबी गोळ्यांच्या वर लालचुटूक, गुळगुळीत गोळ्यांचा थर होता. त्यांवरही साखरेचाच मुलामा. सकाळी पुड्या बांधताना तो थर त्यांनी बघितला होता. काकूंनी नवीन आणल्या वाटतं, एवढंच मनात आलं होतं. काकूंना मधुमेह, त्या गोड तोंडात टाकत नाहीत. ताईंना दातांची भीती, त्याही टाकत नाहीत. जी बाई गॅसचं बटण तीनदा बघते, तिने मूठ भरली होती आणि पीळ घातला होता.

त्या कोटांच्या दांडीकडे धावल्या. सकाळी मुलांचे तीन कोट लावले होते. एकाच्या खिशात हात घातला, पुडी होती. दुसऱ्याच्या खिशात घातला, पुडी होती. तिसरा हँगर रिकामा होता.

"बाटलीसारख्या गडद हिरव्या रंगाचा. मोठ्या बटणांचा," काकू मागून म्हणाल्या. त्यांचा आवाज ताईंनी असा कधी ऐकला नव्हता. "उघडल्या उघडल्या गेला, तुम्ही मागे गाठोडी सोडत होतात तेव्हा. लहान पोराला घेऊन आलेली ती. ताई, मी काय करून बसले?"

शेजारी औषधांचं दुकान होतं, दोघी लाल गोळी घेऊन तिकडे धावल्या. औषधवाल्याने गोळी तळहातावर घेतली, चष्मा वर केला आणि विचारलं, "पोर केवढं आहे?"

"तीन वर्षांचं असेल," काकू म्हणाल्या.

"ताई, मोठ्या माणसाला हे औषध. एवढ्याशा पोराच्या पोटात चार-पाच गेल्या तर खेळ खलास होऊ शकतो." त्याने सांगून टाकलं, आणि बरं केलं. "आधी उलट्या होतील. मग पोर शांत होईल, बरं वाटल्यासारखं दिसेल. त्याला फसू नका. त्या वेळात आतून घात होत असतो. जिथे असेल तिथून उचला आणि मोठ्या दवाखान्यात न्या."

जिथे असेल तिथून. ताई फुटपाथवर उभ्या राहिल्या आणि त्यांना रस्ता दिसेना. नाव विचारलेलं नाही, पत्ता विचारलेला नाही. एवढ्या मोठ्या वस्तीत हजारो दारं, आणि त्यांपैकी एका दारामागे एक पोर खिशात हात घालून खूश झालेलं असणार. त्या बाईला कुणी शोधू नये अशीच सगळी व्यवस्था त्यांनी स्वतःच्या हाताने केली होती.

"आठवा काकू. काय बोलली? काय घातलं होतं? काहीही आठवा."

काकू रडत होत्या, पण त्यांची नजर इस्त्रीवालीची होती. "तिच्या बोटांना टोचलेलं होतं. सुईने. आणि बाही लांब आहे म्हटलं तर म्हणाली, मी घरीच करीन, काज-बटणांचंच काम करते मी."

काज-बटणांचं काम घरी देणारा म्हणजे बाजारातला शिंपी, ज्याच्याकडे शर्टांचे गठ्ठे शिवून होतात. ताईंनी नवऱ्याला फोन केला. तो स्कूटर घेऊन आला. तो वळणावर नेहमीप्रमाणे हात दाखवून थांबू लागला तेव्हा ताई त्याच्या पाठीत बुक्की मारून ओरडल्या, "अहो, चला ना!" लग्न झाल्यापासून त्यांनी त्याला हळू चालवा एवढंच सांगितलं होतं. तो सुसाट सुटला.

शिंपी मापाची पट्टी गळ्यात घालून उभा. "काय चोरलंय का तिने?" हा त्याचा पहिला प्रश्न.

"नाही हो! आमच्या चुकीने तिच्याकडे औषध गेलंय. पोराने खाल्लं तर वाचायचं नाही. तीन वर्षांचा मुलगा आहे तिला."

शिंप्याचा चेहरा बदलला. त्याच्याकडून काम नेणाऱ्या बायकांत एवढं लहान पोर एकीलाच होतं. त्याने दुकानातल्या शर्टांचा गठ्ठा तसाच सोडला आणि रस्त्यावर येऊन बोट दाखवलं. पिठाच्या गिरणीमागची इमारत, तिसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताचं दार.

जिना चढताना ताईंना वाटलं, वरून रडण्याचा आवाज येईल. नाही आला. त्याचीच जास्त भीती वाटली. त्यांनी दार वाजवलं. साखळी लावलेलं दार बोटभर उघडलं आणि फटीत सुईने टोचलेल्या बोटांची बाई दिसली. ताईंना बघताच तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"तुम्हाला कोण हवंय? इथे तसं कुणी राहत नाही," ती म्हणाली आणि दार लागलं.

आतून म्हाताऱ्या आवाजात कुणीतरी विचारलं, "कोण होतं गं?"

"पत्ता चुकल्या होत्या, आई."

ताईंना सगळं कळलं. आत सासू होती. कोट मोठ्या दुकानातून आणला असं घरात सांगितलं असणार, आणि आता जुन्या कपड्यांची दुकानदारीण दारात येऊन उभी राहिली होती. दुसरा कुठला दिवस असता तर ताई पाय न वाजवता उतरून गेल्या असत्या. त्यांची रीतच ती. आयुष्यात त्यांनी कुणाच्या दारात आवाज चढवला नव्हता.

त्यांनी दोन्ही मुठींनी दार बडवलं. "तुमच्या पोराने लाल गोळ्या खाल्ल्या का? तेवढं सांगा! त्या खाऊच्या नाहीत, औषध आहे! विष आहे त्याला!"

मजल्यावरची दारं उघडली, माणसं बाहेर आली. कोट हा शब्द ताईंनी काढला नाही, दुकान हा शब्द काढला नाही. नुसत्या लाल गोळ्या, लाल गोळ्या, असं त्या ओरडत होत्या. साखळी निघाली.

"खाल्ल्या त्याने," बाई म्हणाली. तिचे ओठ हलत होते पण आवाज जेमतेम येत होता. "उलटी झाली मघाशी. दोनदा. पण आता बरा आहे. शांत झोपलाय."

ताई तिला बाजूला सारून आत शिरल्या. खाटेवर पोर झोपलं होतं, अंगात तोच हिरवा कोट, बाह्या दुमडलेल्या. गाल पांढरे पडलेले, ओठांच्या कडेला लालसर डाग. ताईंनी त्याला उचललं, हलवलं, पुन्हा हलवलं. त्याने डोळे उघडून या अनोळखी बाईकडे पाहिलं आणि बारीक कुरकुर केली. आई जागच्या जागी थिजली होती. त्याची आजी "अहो, कोण तुम्ही? पोराला कुठे नेताय?" असं ओरडत मागे धावत होती. खाली नवऱ्याने टॅक्सी अडवून ठेवली होती.

दवाखान्यात पोराच्या पोटाचा फोटो काढला. डॉक्टरीणबाईंनी ती फिल्म दिव्यापुढे धरली. इवल्याशा बरगड्यांच्या खाली पांढरे ठिपके होते. साखरेच्या गोळ्या फोटोत दिसत नाहीत, या दिसतात. ताईंनी ते ठिपके मोजायचा प्रयत्न केला, पण डोळ्यांत पाणी येऊन एकाचे दोन दिसू लागले.

मग जे करायचं ते सुरू झालं. नाकातून नळी, हाताला सुई. पोर उसळून उसळून रडायला लागलं. आईच्या हातांत त्राण नव्हतं, तिला धरवेना, म्हणून नर्सने ताईंना पुढे ओढलं. "तुम्ही डोकं धरा. घट्ट." ताईंनी धरलं. टोचताना रक्त दिसलं तर चक्कर येणाऱ्या बाईने पोराचं कपाळ दोन्ही हातांत दाबून धरलं, आणि ते सगळा वेळ त्यांच्याच तोंडाकडे बघत किंचाळत होतं.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "एवढ्या गोळ्या याच्या हातात आल्या कुठून?"

आईने ताईंकडे पाहिलं. एका बाजूला पोर मरणाच्या दारात आणि दुसऱ्या बाजूला सासू उभी, आणि त्या नजरेत दोन्हींची भीती एकदम होती. तिच्या हातात गुंडाळलेला कोट होता, तो तिने पोटाशी आणखी घट्ट धरला.

"माझ्याकडून आल्या," ताई म्हणाल्या. "खाऊ समजून मी पुडी बांधली. मीच दिली त्याला."

ते ऐकून आजी त्यांच्यावर धावून आली. तिने ताईंचा दंड धरून गदगदा हलवलं. "तू दिल्यास? कोण गं तू? माझ्या नातवाने तुझं काय घोडं मारलं होतं? वाटेवरच्या पोरांना विष चारत फिरतेस?" माणसं जमली. रखवालदार आला. पोलिसांना बोलवा, कुणीतरी म्हणालं. पोलीस हा शब्द ऐकला की एरवी ताईंच्या तोंडचं पाणी पळायचं. आता त्या शब्दाचं त्यांना काही वाटलं नाही. दुकान जाईल, चष्मे जातील, आपल्याला नेतील, सगळं मनातून सरकून गेलं. आतल्या खोलीतलं रडणं मध्येच थांबलं होतं, आणि ते का थांबलं एवढाच प्रश्न त्यांच्या जिवाला पडला होता. आजी हलवत होती, ताई हलत होत्या.

"आई, सोडा त्यांना."

सुनेचा आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांनी ऐकला.

"हा कोट नवा नाही. मी खोटं सांगितलं. यांच्या दुकानातून घेतला, जुन्या कपड्यांच्या. खाऊ त्याच्या खिशात होता. मीच त्याला खा म्हटलं." ती सासूकडे बघत पुढे बोलली. "त्या काही बोलल्या नाहीत, कारण तुम्हाला कळलं तर तुम्ही मला काय म्हणाल ते त्यांना माहीत होतं. मी त्यांच्या तोंडावर दार लावलं, तरी त्या गेल्या नाहीत. मोठ्या दुकानातून घेतला असता, तर कोण आलं असतं जिने चढून?"

आमच्या घरात कुणाचं उतरलेलं कधी अंगाला लावलं नाही, असं आजी शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकवत आली होती. तेच शेजारी आता टॅक्सीच्या मागोमाग येऊन व्हरांड्यात उभे होते. तिने ताईंचा दंड सोडला. सुनेच्या हातातून कोट घेतला, उलटा केला, शिवण बघितली, बटण ओढून बघितलं. मग ती बाकावर बसली आणि कोट मांडीवर ठेवून भिंतीकडे बघत राहिली.

त्यानंतरची दुपार नुसती बसून काढायची होती. आतून नर्स बाहेर आली की तिघी एकदम उठायच्या, ती काही न बोलता गेली की एकदम बसायच्या. काकू दुकानाला कुलूप लावून आल्या आणि दूर खांबाशी उभ्या राहिल्या, जवळ यायचा त्यांना धीर होईना. नवरा चहा घेऊन आला, तो तसाच निवला. ताईंनी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं, पोर वाचलं तर दुकान बंद. नाही वाचलं तर... त्याच्या पुढचं त्यांना ठरवता येत नव्हतं. भीतीची त्यांना उभ्या आयुष्याची सवय, पण आजवरची प्रत्येक भीती न घडलेल्या गोष्टीची होती. गॅस सुरू राहिला नव्हता, कोणी गेलं नव्हतं. ही घडलेली होती, आणि त्यांच्या हाताने घडलेली होती.

उन्हं उतरताना डॉक्टरीणबाई आल्या. दुसरा फोटो स्वच्छ होता. ठिपके गेले होते, रक्ताचा अहवालही सुधारत होता. "आजची रात्र इथेच ठेवू. पण वेळेवर आणलंत. जिवाचा धोका टळलाय."

सून भिंतीला धरून खाली बसली. उभं राहावं की बसावं तेच ताईंना कळेना. बाकावर सरकून जागा झाली. "बसा," आजी म्हणाली. तिने अजून त्यांच्याकडे नीट बघितलं नव्हतं. "पडाल नाहीतर."

ताई बसल्या. "दुकान मी बंद करतेय," त्या म्हणाल्या.

"ते तुमचं तुम्ही बघा. आधी पाणी प्या." तिने कोटाची घडी घातली. "उद्या सकाळी या. त्याला नीट बसलेला बघून जा. नाहीतर तुम्हाला झोप लागायची नाही."

दुकान बंद झालं नाही. काकूंनी बरणी फोडून टाकली आणि खाण्याची वस्तू दाराच्या आत घ्यायची नाही असा दंडक घातला. डब्याची म्हातारी आपल्या सुनेजवळ कबूल झाली आणि तिने बोलणी खाल्ली. पण ते सगळं पुढचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई दवाखान्यात गेल्या. वॉर्डाच्या दाराशी पोचेपर्यंत त्यांच्या मनात हजार शंका येऊन गेल्या होत्या. पोर पलंगावर पाय पसरून बसलं होतं, गालांवर रंग आलेला, आजी त्याला चमच्याने काहीतरी भरवत होती. दारात ताई दिसल्या मात्र, त्याने आजीच्या हातातला चमचा उडवला. ही तीच बाई, जिने आपलं डोकं धरलं आणि सुया टोचवल्या. ते आईच्या कुशीत घुसलं आणि त्याने असं भोकाड पसरलं की पलीकडच्या खाटांवरची माणसं उठून बसली.

"अरे, काही करत नाहीत त्या तुला!" आजी म्हणाली.

"ताई, घाबरला हो तुम्हाला," आई ओशाळून म्हणाली. "जरा बाहेर थांबता का?"

आयुष्यभर ताई सगळ्या जगाला भ्यायल्या. त्यांना भिणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं. त्या बाहेर गेल्या, पण लांब गेल्या नाहीत. दाराच्या आड भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि छाती भरून, दणदणीत, सगळा वॉर्ड डोक्यावर घेणारं ते रडणं ऐकत राहिल्या. त्यांनाही रडू आलं, आणि ते थांबवायची त्यांना घाई नव्हती.